निळ्या दोऱ्याच्या काडेपेट्या

लांडग्याची विष्ठा धुवायला चहाच्या गाळणीसारखं दुसरं साधन नाही. हे मी अनुभवाने सांगते. विष्ठा हा कॉलेजातला शब्द. घरी अम्मा सरळ गू म्हणायची, आणि ती गाळणी मी तिच्या स्वयंपाकघरातून पळवली होती हे तिला कळलं त्या दिवशी तिने मला तेलुगूत जे ऐकवलं, ते मराठीत आणायची माझी हिंमत नाही. नवी गाळणी आणून दिली तरी महिनाभर ती माझ्या हातचा चहा पीत नव्हती.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. सोलापुरातल्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्र विभागात मी डेमॉन्स्ट्रेटर होते. म्हणजे पोरांना बेडूक कापून दाखवायचा, स्पिरिटच्या बरण्या पुसायच्या आणि विभागप्रमुखांना चहा सांगायचा. ह्या विभागप्रमुखांना आम्ही नुसतं सर म्हणायचो आणि मीही इथे तेवढंच म्हणणार आहे. नाव लिहिणार नाही. दया येते म्हणून नव्हे. त्या माणसाचं नाव आणखी एका कागदावर छापून यावं अशी माझी इच्छा नाही, एवढंच. मी खुनशी बाई आहे असं कॉलेजात सगळे म्हणायचे. म्हणू देत. काही माणसांच्या बाबतीत खुनशी नसणं हाच मूर्खपणा असतो.

लांडग्याचं खूळ माझं स्वतःचं होतं. त्या वर्षांत आमच्या भागात लांडग्याच्या नावाने शिमगा चालला होता. दुष्काळात गुरं मेली, मेंढरं मेली, आणि उरलेलं एखादं कोकरू गेलं की माणसं लांडग्याचं बीळ शोधून काढायची, तोंडाशी ओला पाला आणि मिरच्या पेटवून आत धूर सोडायची आणि वर दगड रचून तोंड बंद करायची. लांडगा मेंढरांवरच जगतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही. माझं म्हणणं साधं होतं, की तो काय खातो ते त्याच्या पोटातून बाहेर पडतंच की, मग बघूया ना. आणि मनात हेही होतं, की तो जर उंदीर-घुशी खात असेल, शेतातली ज्वारी खाणारे ससे खात असेल, तर ते कागदावर आणून दाखवलं की बिळं बुजवणारे हात थोडे तरी थांबतील. बाकी मला काही नको होतं. हो, नाव हवं होतं. खोटं कशाला बोलू?

रविवारी सकाळी अक्कलकोटच्या बाजूची पहिली एस.टी. धरायची. तासाभराने एका फाट्यावर उतरायचं आणि पुढे माळावर चालायचं. कुसळी गवत, तरवडाची झुडपं, मध्ये मध्ये उघडा खडक. लांडगा वाटेच्या कडेला बसत नाही, जिथे दोन पायवाटा फुटतात तिथे, एखाद्या दगडावर, सगळ्यांना दिसेल अशी घाण करून जातो. मी ती कागदात बांधून घरी आणायची, मागच्या अंगणात जुन्या पातेल्यात उकळायची, गाळणीत धुवायची, आणि उरलेले केस वर्तमानपत्रावर वाळत घालायची. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक केस. सशाच्या केसाच्या आत शिडीच्या पायऱ्यांसारख्या ओळी दिसतात. मेंढराच्या लोकरीचा धागा आतून भरीव असतो. उंदराचा केस एकदा पाहिला की विसरत नाही. मी विणकराच्या घरातली. धागा बोटात धरून तो कुठल्या मालाचा हे सांगणारी माणसं बघत मी वाढले, त्यामुळे हे काम मला पहिल्या दिवसापासून आवडलं.

सरांनी सूक्ष्मदर्शक वापरायची परवानगी दिली. त्यांचा ह्या कामातला वाटा एवढाच. माळ त्यांनी बघितला असेल तर रेल्वेच्या खिडकीतून.

माळावर मला भेटली ती अक्का. ती धनगरीण होती, नवरा गेलेला, दीर आणि मुलांबरोबर मेंढरं राखायची. तिकडे मोठ्या बाईला अक्काच म्हणतात, आणि आमच्या घरीही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, त्यामुळे माझ्या तोंडी ते पहिल्याच दिवशी बसलं. तिच्या बोलण्यात अर्धं मराठी, अर्धं कानडी. लांडग्याला ती तोळ म्हणायची. मी तिला सांगितलं, आमच्यात त्याला तोडेलू म्हणतात. तिला ते इतकं पटलं की ती हसत बसली. मी काय गोळा करते हे पहिल्यांदा बघून मात्र ती हसली नाही. कपाळावर हात मारून म्हणाली, शिकून हेच करायचं होतं का. पण पुढच्या रविवारी तिने स्वतः मला दोन जागा दाखवल्या.

तिनेच माझी एक मोठी चूक धरली. माळावर त्याच पायवाटांवर धनगरांची कुत्रीही फिरतात. मेलेलं कोकरू टाकलं की ती कुत्रीच पहिल्यांदा फाडतात. पहिले दोन-तीन महिने मी कुत्र्याचं आणि लांडग्याचं एकत्रच गोळा करत होते, आणि सगळीकडे लोकरच लोकर. मी हताश झाले. वाटलं, लोक म्हणतात तेच खरं. अक्काने माझ्या हातातला एक वाळका गोळा घेतला, काटकीने फोडला आणि आतला भुसा बोटावर घेऊन मला दाखवला.

"ह्यात कोंडा हाय. ह्यानं भाकरी खाल्लीया," ती म्हणाली. "तोळाला भाकरी कोन घालतंय?"

एवढ्या वर्षांच्या शिक्षणात कुणी मला इतकं सरळ काही सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून मी कुत्र्याचे नमुने वेगळे काढायला लागले, पण फेकले नाहीत. दोन्ही जवळजवळ ठेवून तपासले तर फरक सिद्ध होईल, असा माझा विचार होता. धुतलेले वाळके केस मी रिकाम्या काडेपेट्यांत भरत असे. गल्लीतल्या सगळ्या विडीवाल्यांना मी सांगून ठेवलं होतं, पेट्या टाकू नका, मला द्या. आणि पेट्या बांधायला सूत. नायना, म्हणजे माझे वडील, मागावर काम करत. आमच्या घरात सुताला काय तोटा. लांडग्याच्या पेटीला पांढरा दोरा, कुत्र्याच्या पेटीला निळा. वहीत तारीख, जागा, आत काय सापडलं आणि शेवटच्या रकान्यात दोऱ्याचा रंग. 'कुत्रा' हा शब्द मी वहीत कुठेही लिहिला नाही. वही माझी, पेट्या माझ्या, दुसरं कोण बघणार होतं?

दोन वर्षं मी हे काम केलं. पांढऱ्या दोऱ्याच्या पेट्या बोलायला लागल्या होत्या. उंदीर, ससे, घोरपडीचे खवले, कधी टोळांचे पाय, बोरांच्या बिया. मेंढरूही होतं, नाही असं नाही. अक्का स्वतःच म्हणायची, वर्षाला एखादं कोकरू जातं, त्यालाही पोट आहे. पण मेंढरांवरच जगतो हे साफ खोटं होतं, आणि ते माझ्याकडे पेटीपेटीत बांधून ठेवलेलं होतं.

दसऱ्याच्या सुमाराला सरांनी माझ्या दोन्ही वह्या मागून घेतल्या. तपासतो म्हणाले, काम चांगलं दिसतंय, पीएच.डी.ला नाव नोंदवायचा विचार करू म्हणाले. मी आनंदाने वेडी झाले. घरी सांगितलं. अम्माने पहिल्यांदाच विचारलं की त्या गाळणीचं नेमकं काय करतेस. तिला मी तासभर समजावून सांगितलं आणि ती ऐकत बसली.

दिवाळीच्या सुट्टीत विभागात शुकशुकाट होता. मी काही पेट्या न्यायला गेले तर कारकुनाच्या टेबलावर टाइप केलेले कागद पडले होते. इंग्रजीतला निबंध. सोलापूर परिसरातील लांडग्याचा आहार. वर नाव सरांचं. फक्त सरांचं. मी शेवटपर्यंत पानं उलटली. अगदी खाली आभारात एक ओळ होती, नमुने गोळा करायला मदत केल्याबद्दल विभागातल्या सहायकांचे आभार. सहायकांचे! अनेकवचनात! म्हणजे विभागातला शिपाई आणि मी.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ते तोवर मी नुसतं म्हणायचे. त्या दिवशी ती खरंच गेली. कान तापले. दोन वर्षांचे रविवार, ऊन, एस.टी.तली गर्दी, कुसळं काढताना फाटलेल्या साड्या, अम्माच्या शिव्या. कागद टराटरा फाडून टाकावेत असं वाटलं. आणि तेवढ्यात माझं लक्ष तिसऱ्या पानावर गेलं.

सरांनी पांढरा दोरा म्हणजे उन्हाळी-हिवाळी नमुने आणि निळा दोरा म्हणजे पावसाळी नमुने, असं धरलं होतं. कशावरून? निळा म्हणजे पाणी, म्हणजे पाऊस, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात आलं असणार. मला विचारावं असं त्यांना वाटलंच नाही. सहायकांना काय विचारायचं? वहीतल्या तारखा बघितल्या असत्या तरी त्यांच्या ध्यानात आलं असतं, पण त्यांनी नुसत्या बेरजा उतरवून घेतल्या होत्या. आणि निळ्या पेट्या सगळ्या लोकरीने आणि कोंड्याने भरलेल्या. त्यामुळे निष्कर्ष असा निघाला होता, की पावसाळाभर लांडगा जवळजवळ मेंढरांवरच जगतो आणि एकूण बेरजेतही मेंढरूच सगळ्यांत वर येतं. आणि ज्वारीचा कोंडा? त्याचंही उत्तर त्यांनी शोधलं होतं. मेंढरांनी शेतातली ज्वारीची ताटं खाल्लेली असतात, लांडगा मेंढराचं पोट फाडतो, म्हणून त्याच्या विष्ठेत ज्वारी सापडते. एक पूर्ण परिच्छेद त्यांनी ह्यावर लिहिला होता. मी त्या रिकाम्या विभागात बसून हसले. तोंडावर पदर दाबून हसले.

"सर, निळा म्हणजे कुत्रा." एवढे चार शब्द. सुट्टी संपल्यावर त्यांच्या खोलीत जाऊन एवढे चार शब्द बोलले असते तर सगळं तिथेच थांबलं असतं. मी तो विचार केला. आणि हेही मला स्वच्छ दिसलं, की ते 'अरे वा, बरं झालं सांगितलंस' म्हणतील, निळ्या बेरजा खोडतील, आणि मग बरोबर निबंध त्यांच्या नावावर छापून येईल. माझं काम त्यांचं, आणि माझी दुरुस्तीही त्यांचीच. नाही. मी कागद जसे होते तसे ठेवले, टेबलाचा कोपरा पदराने पुसला आणि घरी आले.

जानेवारीत, गड्ड्याची म्हणजे आमची संक्रांतीची जत्रा उठल्यावर, आमच्याच कॉलेजात प्राणिशास्त्राची परिषद भरणार होती. बाहेरगावची मोठी माणसं येणार होती. सर तिथे निबंध वाचणार होते. मी ठरवलं, बोलायचं ते तिथे.

ते अडीच महिने मी जितक्या गोडीने वागले तितकी आयुष्यात कधी वागले नाही. सरांना वेळेवर चहा. सरांच्या बरण्या लखलखीत. त्यांनी हळूच सांगितलं की निबंधात सध्या त्यांचं एकट्याचं नाव आहे, परिषदेचे काही नियम असतात, तुझं पुढच्या वेळी बघू. मी मान डोलावली. म्हणाले, तू समंजस आहेस. मी म्हणाले, सर, पारदर्शिका मी तयार करते आणि परिषदेत प्रोजेक्टरही मीच चालवते. ते खूश झाले. रोज घरी येताना मी मनात तो प्रसंग रंगवायची. ते कुठे उभे असतील, मी कुठे, कोण पहिल्यांदा हसेल. अम्मा म्हणाली, तुझं कुठे जमलंय का, चेहऱ्यावर वेगळंच तेज दिसतंय. सुडाचं तेज होतं ते. पण तिला काय सांगणार?

डिसेंबरात गावच्या एका वर्तमानपत्रात सरांची मुलाखत आली. निबंध वाचायच्या आधीच. त्यांना दम निघत नव्हता. 'लांडग्याचे पोट मेंढरांवरच', असा मथळा, खाली सरांचा फोटो, कोट घातलेला. मी ते कात्रण जपून ठेवलं. माझ्या मनात काय आलं ते जसंच्या तसं सांगते. माझ्या मनात आलं, चढ बाबा, आणखी वर चढ. जेवढा वर जाशील तेवढा आपटशील. मला माळ आठवला नाही. मला लांडगा आठवला नाही. मला फक्त तो कोट दिसत होता.

आठवडाभराने अक्का आली. मंगळवारच्या बाजारात घोंगड्या विकायला आली होती आणि तिथून विचारत विचारत कॉलेजच्या फाटकापर्यंत पोचली. पायात वहाणा, डोक्यावर गाठोडं, आणि आमचा शिपाई तिला आत सोडीना. मी धावत गेले. फाटकाबाहेरच्या लिंबाखाली आम्ही बसलो. तिने जे सांगितलं ते असं, की शेजारच्या वाडीत मास्तरांनी पेपर मोठ्यांदा वाचून दाखवला. कॉलेजनेच सांगितलंय म्हटल्यावर माणसं उठून बसली आहेत. आणि ओढ्याच्या दरडीतल्या बिळात लांडगी व्यालीय. अक्काने स्वतः पिल्लं पाहिली होती, चार, डोळे उघडलेली, बिळाच्या तोंडाशी एकमेकांच्या अंगावर चढत होती. ते बीळ मला तिनेच दाखवलं होतं. आम्हा दोघींशिवाय फार लोकांना ते माहीत नव्हतं, पण आता वाडीतले लोक शोधत होते.

"तू तर म्हनत हुतीस उंदीर खातोय, ससं खातोय," ती म्हणाली. "मग पेपरात असं का आलंय?"

मी तिला सगळं सांगितलं. दोरा, सर, चोरी. ती लक्ष देऊन ऐकत होती. मी तिला सांगितलं, पंधरा दिवस त्यांना थोपवून धर, पंधरा दिवसांनी सगळ्यांसमोर खरं काय ते बाहेर येईल, मग पेपरवाले माझं छापतील. परिषदेला एकोणीस दिवस होते. मी पंधरा म्हणाले, कारण तोंडात तो आकडा आला. अक्काने एकच विचारलं, आत्ताच जाऊन का सांगत नाहीस. मी म्हणाले, आत्ता सांगितलं तर तो दाबून टाकील. त्यात थोडं खरं होतं. पण पूर्ण खरं हे, की मला सभागृह हवं होतं. वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊन दोन ओळी लिहून देता आल्या असत्या. कचेरी कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर होती. अक्का गाठोडं उचलून म्हणाली, बघते. आणि गेली.

आता परिषदेचं सांगते, आणि सावकाश सांगते, कारण ते सुख मी अजून पुरवून पुरवून खाते.

सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत पाहुणे, मागे आमची पोरं. मी मधल्या वाटेत प्रोजेक्टरपाशी. सरांनी तोच कोट घातला होता. त्यांनी छान वाचलं. आवाज चांगला होता त्यांचा, हे मान्य करायला हवं. ज्वारीच्या कोंड्याच्या परिच्छेदापाशी ते थोडे थांबले, पाहुण्यांकडे बघून मान हलवली, जणू काही फारच बारकाईचा शोध लावलाय. टाळ्या झाल्या. अध्यक्ष एक वृद्ध गृहस्थ होते, बाहेरून आलेले. त्यांनी विचारलं, काही प्रश्न?

मी प्रोजेक्टरमागून हात वर केला.

सरांना वाटलं, मला पारदर्शिकेचं काही विचारायचं असेल. ते म्हणाले, "बोल ना."

मी विचारलं, निळ्या दोऱ्याच्या पेट्या कुठल्या ऋतूतल्या आहेत. ते म्हणाले, पावसाळ्यातल्या. मी माझी वही उघडली. शिपायाला गोड बोलून ती मी सरांच्या कपाटातून आदल्या दिवशी काढून घेतली होती. निळ्या पेट्यांच्या तारखा मी एकेक करून वाचायला सुरुवात केली. मार्च. एप्रिल. पुन्हा एप्रिल. मे. सभागृहात चुळबुळ सुरू झाली. सरांच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला. मी घाई केली नाही. जूनपर्यंत वाचलं. मग मी नवी पारदर्शिका लावली. पडद्यावर ज्वारीच्या कोंड्याचे तुकडे, मोठे करून दाखवलेले, आणि शेजारी चुलीवरच्या भाकरीच्या पिठातला कोंडा. दोन्ही एकसारखे.

"निळा दोरा म्हणजे धनगराचा कुत्रा, सर," मी म्हणाले. "लांडग्याला भाकरी कुणी घालत नाही."

आधी मागची पोरं हसली. मग मधले. मग पुढच्या रांगेतल्या एका पाहुण्यांनी रुमाल तोंडाला लावला. अध्यक्षांनी मला विचारलं, हे नमुने कुणी गोळा केले. मी म्हणाले, मी. वह्या कुणाच्या? माझ्या. ते सरांकडे वळले आणि बघत राहिले. सरांनी पाण्याचा पेला उचलला आणि पाणी त्या कोटावर सांडलं. मी ते पाहिलं. दोन वर्षांची सगळी तहान त्या सांडलेल्या पाण्याने भागली. अध्यक्षांनी मला पुढे बोलावलं आणि पांढऱ्या दोऱ्याच्या पेट्यांबद्दल बोलायला सांगितलं. मी अर्धा तास बोलले. दुसऱ्या दिवशी त्याच वर्तमानपत्रात माझं नाव आलं, आणि सर आजारपणाच्या रजेवर गेले. त्या वर्षाअखेर ते दुसऱ्या गावी निघून गेले. जाताना विभागात कुणी त्यांना हारसुद्धा घातला नाही. मी तर त्या दिवशी मुद्दाम नवी साडी नेसून गेले होते.

रविवारी पहिली एस.टी. धरून मी माळावर गेले. पेपर घडी करून पिशवीत होता, अक्कासाठी पेढे होते. तिची मेंढरं नेहमीच्या ठिकाणी चरत होती. तिने मला लांबून पाहिलं, पण नेहमीसारखा हात केला नाही. मी जवळ जाऊन पेपर उघडला आणि भराभरा सांगायला लागले, कसं झालं, तो कसा गारद झाला, पाणी कसं सांडलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, चल.

ती मला ओढ्याकडे घेऊन गेली. बिळाच्या तोंडावर दगड रचलेले होते, मोठे, दोन माणसांनी उचलावे लागतील असे. फटींत माती कोंबलेली. भोवतीचं गवत काळं झालं होतं आणि अजून जळक्या मिरचीचा ठसका येत होता. दगडांच्या एका बाजूला माती खूप उकरलेली होती, लहान-मोठे ओरखडे, खोलवर गेलेले, आणि एका दगडावर वाळलेलं रक्त. मला काही विचारावं लागलं नाही. लांडगी बाहेर होती. तिने बाहेरून उकरलं होतं.

"पंधरा दीस मी त्यांना थोपवलं," अक्का म्हणाली. "पाया पडले एकेकाच्या. कालेजातली बाई म्हनलीया, पंधरा दीस थांबा. थांबली बिचारी. सोळाव्या दिशी त्यातल्या एकाचं कोकरू गेलं. मग कुनी न्हाय थांबलं."

परिषद त्याच्या तीन दिवसांनंतर झाली होती. मी सभागृहात तारखा वाचत होते तेव्हा हे दगड इथे रचून झालेले होते. मी म्हणाले, अक्का, त्या माणसामुळे झालं हे, त्यानेच पेपरात तसं दिलं. हे मी खूप जोराने म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं. ती मान हलवत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं.

"त्यानं चुकीचं लिवलंय हे तुला कवा कळलं हुतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. तिला कॉलेजातलं काय कळणार होतं. पण जिने कोंडा बोटावर घेऊन दाखवला होता त्या बाईशी मला खोटं बोलवेना.

"दिवाळीत," मी म्हणाले.

ती बोटांची पेरं चाचपत राहिली. मनात महिने मोजत असावी. मग म्हणाली, "दिवाळीत ती गाभन हुती." तिने मेंढरांना हाक घातली आणि काठी टेकत चढण चढून गेली. पेढ्यांचा पुडा माझ्या हातातच होता.

परतीची एस.टी. साडेचारला होती. मी त्या दगडांपाशी बसून राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं. आणि खरं सांगते, तेवढ्यातही मध्येच सरांचा तो भिजलेला कोट माझ्या डोळ्यांसमोर यायचा आणि मला बरं वाटायचं. मी ते थांबवायचा प्रयत्न केला. थांबलं नाही.